मंडळीतल्या मुलांसाठी श्रुतिका मालिका : सुरुवात कुठून करावी

आम्ही मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुलांसाठी श्रुतिकांची मालिका करतो. दरवर्षी नाताळ आटोपला की कुणी ना कुणी विचारायला येतं. कधी खानापूरकडची संडे स्कूलची शिक्षिका, कधी निपाणीचा तरुण संघ, एकदा तर थेट बिदरकडच्या भालकीहून फोन आला. प्रश्न ठरलेला असतो : "आम्हालाही मुलांसाठी अशी नाटकं रेकॉर्ड करायचीत, माइक कुठला घेऊ?" माइकचं मी सांगते, पण त्याआधी विचारते, तुमच्या नाटकातलं गाव कुठलं? तिथं दुकान कुणाचं, विहीर कुठं, कोण कुणाशी बोलत नाही? हे ठरलेलं नसेल तर माइक महिनाभर उशिरा आणला तरी काही बिघडत नाही. एखादं नाटुकलं कसंही उभं राहतं. वर्षानुवर्षं चालणारी मालिका उभी राहते ती तिच्या गावावर.

गाव आणि गावची वही

या प्रकारातली जगभर ऐकली जाणारी मालिका म्हणजे अमेरिकेतली 'अ‍ॅडव्हेंचर्स इन ऑडिसी'. 'फोकस ऑन द फॅमिली' या संस्थेने ती १९८७ साली सुरू केली आणि आजवर तिचे नऊशेहून जास्त भाग झालेत. ऑडिसी हे काल्पनिक गाव. तिथं आइस्क्रीमचं एक दुकान, दुकान चालवणारे जॉन अ‍ॅव्हरी व्हिटेकर नावाचे वयस्कर गृहस्थ, आणि तिथं येणारी-जाणारी पोरं. लेखक बदलले, आवाज बदलले, पहिली मुलं ऐकता ऐकता आईबाप झाली, पण गाव तेच राहिलं. नव्या माणसाने यातून एवढंच उचलावं : सगळ्यांची पावलं जिथं आपसूक वळतात अशी एक जागा शोधायची.

आइस्क्रीमचं दुकान उचलून इकडं आणलं तर ते उपरं वाटेल. आम्ही पिठाची गिरणी घेतली. गिरणीत कोण येत नाही? शाळकरी पोर डबा घेऊन येतं, लिंगायत शेजारीण येते, मुसलमान बागवान येतो, पाळकबाई येतात. त्यातून गिरणीला आवाजही आहे. ती चालू असताना माणसं ओरडून बोलतात, आणि पट्टा अचानक थांबला की जे दोघांतच राहायचं ते सगळ्यांना ऐकू जातं. या एका गोष्टीवर आमचे किती तरी प्रसंग उभे राहिले. तुमच्याकडं एसटी थांबा असेल, दूध डेअरी असेल, हातमागाचा कारखाना असेल. जागा अशी निवडा, की डोळे मिटून तिथं उभं राहिलं तरी ओळखू यावी.

मग एक जाड वही करा. आम्ही तिला गावची वही म्हणतो. तीत गावाचा नकाशा असतो, गिरणीपासून चर्चपर्यंत किती पावलं हे असतं (पावलांचा आवाज तितकाच वेळ वाजवावा लागतो), प्रत्येकाचं जन्मवर्ष, कुणाचा गुडघा दुखतो, कोण दम लागल्यावर कसं बोलतो, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. आमच्या मालिकेच्या चौदाव्या भागात रूथ या पात्राने शेजारणीला 'मावशी' म्हटलं. आधीच्या तेरा भागांत ती 'काकू' होती. नंदगडच्या एका मुलीने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काकू कुठं गेल्या?" तिच्या मनात ती बाई खरीच गावात राहत होती. त्या दिवसापासून संहितेचा कागद हातात पडला की आधी वही उघडते.

संहिता

आमच्या हिशेबाने मराठी संवाद मिनिटाला साधारण सव्वाशे शब्दांच्या वेगाने जातो. वीस मिनिटांच्या भागात आवाज, थांबे, सुरुवातीचं-शेवटचं संगीत धरलं तर दोन हजार ते बावीसशे शब्द पुरतात. प्रसंग पाच, फार तर सहा. एका प्रसंगात चारपेक्षा जास्त माणसं बोलू लागली की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. पात्रांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होऊ द्या. दानी, रूथ, शांतवन आज्जा, याकोब आज्जा असं असलं की कान अडखळत नाही. आणि कुणी प्रसंगात आलं की दोन-तीन वाक्यांत त्याचं नाव कुणाच्या तरी तोंडी आलंच पाहिजे, नाहीतर ते पात्र नुसता एक आवाज राहतं.

नवे लेखक हमखास एक चूक करतात. "अरे बघ, तो हातात काठी घेतलेला म्हातारा इकडंच येतोय!" असं खऱ्या आयुष्यात कोण बोलतं? काठीचा टक टक आवाज दुरून येऊ द्या, ओट्यावरचं कुत्रं गप्प होऊ द्या, आणि रूथला हळूच म्हणू द्या, "आले वाटतं." काठी, म्हातारा आणि धाक, तिन्ही पोचतात.

आता उपदेशाबद्दल. मालिका ख्रिस्ती आहे, ती मुलांना प्रभूकडं न्यावी म्हणूनच आपण ती करतो, यात लपवण्यासारखं काही नाही. पण शेवटच्या दोन मिनिटांत निवेदकाने वचन वाचून तात्पर्य सांगायचं, ही सवय मी पहिल्याच वर्षी सोडली. मुलांना तो भाग आधीच कळतो आणि ती उठून जातात. वचन अशा माणसाच्या तोंडी यावं, ज्याला ते म्हणणं जड जातंय.

आमच्या क्षमेवरच्या भागाचं सांगते. दानीचा मित्र त्याची सायकल न विचारता नेतो आणि रिम वाकवून आणतो. दानी अबोला धरतो. पहिल्या खर्ड्यात शांतवन आज्जा त्याला बायबलमधल्या मत्तयच्या अठराव्या अध्यायातलं सांगतात : शिष्य पेत्राने विचारलं, सात वेळा क्षमा करू का, आणि प्रभू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. दानी ऐकतो, मित्राकडं जातो, संपलं. वाचन झालं तेव्हा खोलीत कुणालाच काही वाटलं नाही. मग आम्ही वही काढली. वहीत एक ओळ होती : आज्जा आणि त्यांचे थोरले भाऊ याकोब यांच्यात शेताच्या बांधावरून वाद, बोलणं बंद. लगेच प्रसंग बदलला.

आज्जा : पेत्राला काय सांगितलं प्रभूने? साताच्या सत्तर वेळा.
दानी : मग तुम्ही थोरल्या आज्जांच्या घरला का जात नाही?
(गिरणीचा पट्टा थांबतो. पीठ झटकल्याचा आवाज. बराच वेळ कुणी बोलत नाही.)
आज्जा : ...डबा उचल. तुझी आई वाट बघूलाली असेल.

भाग तिथंच संपवला. बांधाचा वाद आपल्या भागात कुठल्या घरात नाही? पुढचे चार भाग मुलं विचारत होती, आज्जा गेले का? पाचव्या भागात ते गेले. वचन तेच होतं, आता त्याला पाय फुटले होते.

विषय कमी पडतील अशी धास्ती नवख्यांना असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसा. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. चार-चार, पाच-पाच पिढ्यांच्या आठवणी सांगणारी घरं आपल्यात आहेत : दुष्काळात कुणी कुणाला धान्य दिलं, कुणी कुणाला घराबाहेर काढलं. नावं बदला, गाव आपलं वापरा, आणि ज्या घरची हकिगत आहे त्या घराला आधी वाचून दाखवा.

भाषा कुठली ठेवायची

इंग्लंडहून आलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत. १६१६ साली ते गोव्यात राचोलला छापलं गेलं. इथल्या माणसाच्या कानाला ओवीचं वळण आहे हे त्यांनी ओळखलं आणि आपली गोष्ट त्या वळणात बसवली. आपणही ऐकणाऱ्याच्या कानापासूनच सुरुवात करायची.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, पात्रं मात्र बोलतात तशी बोलू द्या. बेळगावचं पोर "काय करूलालास?" म्हणतं, ते "काय करतोयस?" करू नका. पण बोली एकच धरा. निपाणी-चिकोडीकडची बोली कोल्हापूरला लागून आहे, बिदर-भालकीकडची मराठवाड्याला. एका घरातली आई कोल्हापुरी आणि मुलगा बिदरी बोलला तर गाव फाटतं.

कन्नडही येऊ द्या. आपल्या मुलांच्या दिवसात ती असतेच, शाळेत, बसमध्ये, शेजारी. फक्त अर्थ उत्तरातून कळायला हवा. गिरणीतली शेजारीण "बर्री, कुंदर्री" म्हणते आणि पाळकबाई उत्तर देतात, "बसायला वेळ नाही अक्का, पीठ तेवढं द्या." झालं, वेगळं भाषांतर लागत नाही. एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते : कन्नड बोलणाऱ्या पात्राची मराठी अडखळती करून हशा मिळवायचा नाही. ती बाई आपल्या गावातली आहे आणि तिची मुलंही ऐकत असतात.

ऐकणाऱ्यांत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही घरं असतील तर पाळक की फादर, उपासना की मिस्सा, हे गावची वही करतानाच ठरवा. आमच्या गावात दोन्ही आहेत, आणि रूथची मैत्रीण मिस्साला जाते.

आवाज

चांगला आवाज शोधू नका, वेगळे आवाज शोधा. चार जणांना एका ओळीत बसवून डोळे मिटा आणि प्रत्येकाला एकच वाक्य म्हणायला सांगा. कोण बोललं हे लगेच कळलं तर ती चौकडी जमली. चर्चमध्ये सुरेख वाचन करणारी माणसं इथं कधी कधी अवघड जातात, कारण त्यांना व्यासपीठाची सवय असते. माइक एका वितीवर असताना त्यांना शेजारच्या उशीवर डोकं ठेवलेल्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायला शिकवावं लागतं.

मुलांच्या भूमिका मुलांनाच द्या. मोठ्या बाईने काढलेला लहान मुलाचा आवाज मुलं लगेच ओळखतात. नऊ वर्षांचं मूल घेतलं तर तीन-चार वर्षं मिळतात, बारा-तेराला मुलग्यांचा आवाज फुटू लागतो. तेव्हा बदली आवाज शोधत बसण्यापेक्षा पात्रालाच मोठं होऊ द्या, त्याच्या धाकट्या भावाला पुढं आणा. आईवडिलांची लेखी परवानगी पहिल्या दिवशीच घ्या, आणि मुलाचं पूर्ण नाव, शाळा, गाव कुठंही जाहीर करू नका.

मालिका लांबली की एक दिवस येतोच, जेव्हा आवाज हरवतो. व्हिटेकर यांचा आवाज हॅल स्मिथ यांचा होता. ते १९९४ साली वारले. निर्मात्यांनी लगेच दुसरा आवाज बसवला नाही. गोष्टीत व्हिटेकरांना मध्यपूर्वेत कामाला पाठवलं, आणि १९९६ मध्ये ते पॉल हर्लिंगर यांच्या आवाजात परत आले. मधला काळ श्रोत्यांनी वाट बघण्यात घालवला, म्हणून नवा आवाज कानाला सोसला. आमचे शांतवन आज्जा झालेले काका मुलाकडं पुण्याला राहायला गेले तेव्हा आम्ही हेच केलं. गोष्टीतले आज्जाही पुण्याला गेले आणि तिथून पत्रं धाडू लागले. काका कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून फोनवर पत्र वाचायचे आणि फाइल पाठवायचे. कपड्यांमुळे घुमारा येत नाही. स्टुडिओशिवाय मिळालेलं ते आमचं सगळ्यांत स्वच्छ रेकॉर्डिंग.

खोली, माइक आणि वेळ

खोली माइकपेक्षा महत्त्वाची. भिंतींवर गाद्या उभ्या करा, जाड वाकळ दोरीवर टाका, फरशीवर सतरंजी घाला. टाळी वाजवून बघा. टाळीमागं शेपूट ऐकू आली तर अजून एक वाकळ लागेल.

आपल्या भागात वेळही निवडावी लागते. तिळकवाडीत रेल्वे गेट जवळ असेल तर गाड्यांच्या वेळा भिंतीवर लावा. वडगाव-खासबागात मागाचा खडखडाट दिवसभर असतो. अथणी, चिकोडी, निपाणीकडं ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरवरची गाणी मध्यरात्रीही थांबत नाहीत. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा विचारच करू नका. पावसाळ्यात लिहावं आणि उन्हाळ्यात पहाटे चार-पाच भाग एकदम उरकावेत, असं आमचं चक्र बसलंय. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर बंद. फ्रिज बंद करताना घराची किल्ली आत ठेवा, म्हणजे घरी निघताना तो परत चालू करायचं विसरत नाही.

माइकबद्दल थोडक्यात. घरात शांतता मिळत नसेल तर डायनॅमिक माइक घ्या, तो जवळचंच ऐकतो. खोली शांत असेल तर कंडेन्सर. काहीच नसेल तर फोन चालतो, फक्त वाकळीच्या आत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, मोनो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, किंचाळण्याच्या वाक्याला माणसालाच एक पाऊल मागं घ्या. याने मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या रेकॉर्डिंगला दीड जीबी धरा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकणं आणि स्टार्चची साडी नको, खिशात चिल्लर नको. संहिता एका बाजूलाच छापलेली, मोठ्या अक्षरात, पानाच्या शेवटी संवाद पुरा होईल अशी. टाचणी लावू नका, सुटी पानं कापडावर पसरा. चहा-दूध आधी नको, घशात चिकट होतं. कोमट पाणी ठेवा. लहान मुलांना कागद देऊच नका. शेजारी बसा, वाक्य सांगा, त्यांच्या शब्दांत म्हणू द्या. आणि सगळे जमले की सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही न बोलता रेकॉर्ड करा. त्या खोलीची ती शांतता पुढं संवादांतली भोकं बुजवायला लागते.

आवाजांचं जग

संवाद आधी, बाकी ध्वनी नंतर, वेगळ्या ट्रॅकवर. ही माझी सगळ्यांत आवडती पायरी, म्हणून थोडं सविस्तर.

खरी वस्तू माइकवर खरी वाटेलच असं नाही. आम्हाला रूथच्या आईचं भाकरी थापणं हवं होतं. चुलीशेजारी माइक धरला तर प्रत्येक थाप कुणीतरी कानाखाली मारल्यासारखी आली. मग माइक त्या मावशींच्या खांद्यामागं, डोक्याच्या उंचीवर नेला. आता थाप मऊ झाली, दोन थापांमधलं परातीचं फिरणं ऐकू आलं, आणि मधेच त्यांनी हाताला पीठ लावलं तो खसखस आवाजही. शेवटी भाकरी तव्यावर पडली तो जरासा ओला 'फस्स'. आई हाताने काय करतेय हे त्या भागात कुणीच सांगत नाही, ऐकणाऱ्याला मात्र सगळं दिसतं.

पाऊस खरा घेतला तर नुसती सूं सूं येते. सुपात तांदूळ हळूहळू फिरवा, वर पत्र्याच्या डब्यावर थेंब टाका. चिखलातली पावलं ओल्या वर्तमानपत्राची, शेतातली कडब्यावरची. जाळ हवा तर चॉकलेटचा चुरचुरता कागद माइकजवळ हळू चुरगाळा. पाखराची भरारी म्हणजे रुमाल झटकणं. गिरणी मात्र खरीच घ्यावी. मालकाची परवानगी घेऊन पहाटे, गिऱ्हाईक येण्याआधी : सुरू होताना, तीन मिनिटं चालताना, आणि पट्टा थांबताना, तिन्ही वेगवेगळं.

प्रत्येक जागेला स्वतःचा एक पायाध्वनी, म्हणजे मागं चालू राहणारा आवाज, ठरवा आणि वहीत लिहा. आमच्या चर्चच्या प्रसंगात कौलांतली चिमणी असते, याकोब आज्जांच्या घरात भिंतीवरचं घड्याळ. ज्या दिवशी शांतवन आज्जा तिकडं गेले, तेव्हा कुणी बोलायच्या आधी घड्याळ वाजलं आणि मुलांना कळलं ते कुठं आलेत.

संगीत, हक्क, जोडणी

सिनेमाची चाल, यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं, यांच्या वाटेला जाऊ नका. भारतात गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, त्यांचे शब्द आज कुणीही गावेत. पण दुसऱ्याने केलेलं ध्वनिमुद्रण त्याचं असतं, म्हणून पेटी-तबला घेऊन स्वतः गा. पवित्र शास्त्राच्या प्रचलित भाषांतरातून मोठे उतारे घेणार असाल तर प्रकाशकाला आधी पत्र लिहा.

जोडणीला ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. फाइलींची नावं सुरुवातीपासून एकाच पद्धतीने द्या : भाग, प्रसंग, पात्र, टेक. शंभराव्या भागाला जुनं हसू शोधायचं असतं तेव्हा याची किंमत कळते. मूळ फाइली दोन वेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्कवर ठेवा. पाठवायला ६४ केबीपीएसची मोनो एमपीथ्री केली की वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो, आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावातही रेंज मिळेल तेव्हा उतरतो.

वार एकच ठेवा. आमचा शनिवार संध्याकाळ. पण शनिवारच्या आधी, गुरुवारी, तयार भाग घेऊन मी एखाद्या घरी जाते. प्रत्येक वेळी वेगळं घर. स्वयंपाकघरात फोन ठेवते, चालू करते आणि मुलांकडं बघत बसते. कुणालाही काही विचारत नाही. कुठल्या मिनिटाला पोर पाणी प्यायला उठलं, कुठं आजीने हातातली लसूण सोलायची थांबवली, एवढं लिहून आणते. पाणी प्यायला उठलेलं मिनिट शुक्रवारी रात्री पुन्हा उघडायचं.